प्रथमोपचार, बालसेवांतील

बालवाडी, अंगणवाडी, पाळणाघर, आश्रमशाळा इ. ठिकाणी शिक्षणासाठी वा संगोपनासाठी एकत्र आलेल्या बालकांस अपघात, दंश, भाजणे किंवा आकस्मिक आजार यांप्रसंगी वैद्यकीय मदत मिळेपर्यंत तेथील सेविकेने वा शिक्षकाने दिलेला तातडीचा उपचार. जीव वाचविणे, प्रकृती अधिक बिघडू न देणे आणि रुग्णास योग्य ठिकाणी पोहोचविणे, ही सर्वसाधारण प्रथमोपचाराची तीन उद्दिष्टे येथेही लागू पडतात. तथापि बालकाचे शरीर म्हणजे प्रौढाच्या शरीराची लहान प्रतिकृती नव्हे. त्याची श्वासनलिका अरुंद असते, त्वचा पातळ असते, जुलाब-उलट्यांनी त्याच्या शरीरातील पाणी झपाट्याने कमी होते आणि आपणास काय होते आहे, हे त्यास नेमके सांगता येत नाही. त्यामुळे बालकाकडे रोज पाहणाऱ्या व्यक्तीचे निरीक्षण हाच येथे निदानाचा पहिला आधार ठरतो.

‘वैद्यकीय मदत मिळेपर्यंत’ या शब्दांचा अर्थ स्थानपरत्वे बदलतो. शहरात हा काळ काही मिनिटांचा असतो. सातपुड्याच्या रांगांत वसलेल्या अक्कलकुव्यासारख्या तालुक्यात तो कित्येक तासांचा असू शकतो. हा अवधी जितका मोठा, तितके प्रथमोपचाराचे महत्त्व अधिक. महाराष्ट्रातील बालसेवांच्या इतिहासात हे काम फार आधीपासून होत आले; मात्र त्याला स्वतंत्र कर्तव्य म्हणून मान्यता मिळण्यास विलंब लागला.

उगम : संघटित प्रथमोपचाराचा उगम रणांगणावर आणि कारखान्यांत झाला. इंग्लंडमध्ये १८७७ साली सेंट जॉन रुग्णवाहिका संघटना स्थापन झाली व तिने खाणकामगार, रेल्वे कर्मचारी, पोलीस यांना प्रशिक्षण देण्यास आरंभ केला. जर्मन शस्त्रक्रियाविशारद फ्रीड्रिख फोन एस्मार्ख (१८२३–१९०८) यांनी १८८२ मध्ये कील येथे सामान्य नागरिकांसाठी असेच वर्ग काढले. भारतात सेंट जॉन संघटनेच्या शाखा आणि १९२० च्या अधिनियमाने स्थापन झालेली भारतीय रेडक्रॉस संस्था यांनी हे शिक्षण पसरविले. शाळांमध्ये ते प्रामुख्याने बालवीर व वीरबाला पथकांच्या द्वारे पोहोचले. या सर्व शिक्षणाचा विद्यार्थी प्रौढ अथवा किशोरवयीन होता. सहा वर्षांखालील मूल हा ज्याचा रुग्ण आहे, अशा शिक्षिकेचा विचार त्यात फारसा नव्हता.

बालशिक्षणाच्या बाजूने पाहता चित्र थोडे वेगळे दिसते. मारिया माँटेसरी (१८७०–१९५२) स्वतः वैद्यक पदवीधर होत्या. रोम येथे १९०७ मध्ये त्यांनी सुरू केलेल्या बालगृहात शरीराची स्वच्छता हा शिक्षणाचाच भाग होता. त्यांच्या विचारांनी प्रभावित झालेले गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) यांनी १९२० मध्ये भावनगर येथे बालमंदिर काढले. १९२६ मध्ये स्थापन झालेल्या नूतन बालशिक्षण संघाच्या कार्यात त्यांच्याबरोबर ताराबाई मोडक (१८९२–१९७३) होत्या. मुलाचे नाक, डोळे, नखे आणि केस यांची रोजची तपासणी हा या परंपरेतील नित्यक्रम होय. महाराष्ट्रातील बालवाडीत आरोग्यविषयक देखभाल प्रथम या मार्गाने आली.

गिरण्या व पाळणाघरे : बालसंगोपनाची दुसरी परंपरा मुंबईच्या कापडगिरण्यांशी निगडित आहे. मुंबई सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स यांनी १९२२ मध्ये गिरणीकामगार स्त्रियांच्या स्थितीविषयी अहवाल दिला. या स्त्रियांच्या तान्ह्या मुलांपैकी सु. ९८ टक्के मुलांना अफू दिली जात असल्याचे त्यांनी नमूद केले. आई यंत्रावर असताना मूल निजून राहावे म्हणून दिली जाणारी अफूची ‘बाळागोळी’ ही उपचाराच्या रूपातील इजाच होती. पाळणाघराची मागणी पुढे येण्यास जी कारणे घडली, त्यांत हे एक महत्त्वाचे कारण होते.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाने पन्नासांहून अधिक स्त्रिया कामावर असलेल्या कारखान्यात पाळणाघर बंधनकारक केले. १९७६ च्या दुरुस्तीने ही संख्या तीसवर आली. याच अधिनियमाने दर दीडशे कामगारांमागे प्रथमोपचाराची एक पेटी आणि ती सांभाळण्यास प्रशिक्षित व्यक्ती असावी, असे ठरविले. पाळणाघराची व्यवस्था मात्र ‘बालसंगोपनाचे शिक्षण घेतलेल्या’ स्त्रीकडे असावी, एवढेच त्यात म्हटले होते. यंत्रावर काम करणाऱ्या प्रौढासाठी कायद्याने प्रथमोपचारकाची तरतूद केली. शेजारच्या खोलीतील बालकासाठी ती तितक्या स्पष्टपणे केली नाही. हा फरक पुढील काळातही दीर्घकाळ टिकून राहिला.

बोर्डी व कोसबाड : ग्रामीण व आदिवासी बालशिक्षणाचा पाया ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ (१९१०–९२) यांनी घातला. १९४५ मध्ये बोर्डी (तेव्हाचा ठाणे व सांप्रतचा पालघर जिल्हा) येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले. दलित व आदिवासी वस्तीतील मुले बालवाडीत येत नाहीत, असे दिसून आल्यावर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. ‘अंगणवाडी’ या कल्पनेचा हा आरंभ होय. पुढे हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे शिशुगृह, बालवाडी व प्राथमिक शाळा यांना एकत्र आणणारी ‘विकासवाडी’ आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ‘कुरणशाळा’ असे प्रयोग झाले.

या अंगणवाड्यांत दिवसाची सुरुवात पाटी-खडूने होत नसे. मुलांना आंघोळ घालणे, नखे कापणे, केस विंचरणे, खरूज व जखमा धुऊन मलमपट्टी करणे ही कामे शिक्षिका स्वतः करीत. ज्या समाजाला स्पर्शापासून दूर ठेवले गेले होते, त्याच्या मुलांच्या जखमा शिक्षिकेने स्वहस्ते धुणे, ही गोष्ट उपचारापेक्षा अधिक काही सांगणारी होती. पालकांचा विश्वास अक्षरओळखीने नव्हे, तर या शुश्रूषेने संपादन झाला. तथापि हे कार्य व्यक्तींच्या निष्ठेवर उभे होते. त्याचे नियमित प्रशिक्षणात व साहित्याच्या तरतुदीत रूपांतर करणे हे पुढच्या पिढीचे काम होते.

शासकीय योजना : बालशिक्षण, आहार व आरोग्य या बाबी एकमेकींपासून वेगळ्या ठेवू नयेत, हा विचार १९७२ च्या मीना स्वामिनाथन समितीने मांडला. १९७४ मध्ये राष्ट्रीय बालधोरण जाहीर झाले आणि २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. महाराष्ट्रात तिचा आरंभ मुंबईतील धारावी आणि अमरावती जिल्ह्यातील धारणी येथे झाला. पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, संदर्भसेवा, अनौपचारिक शालापूर्व शिक्षण आणि आहार व आरोग्यशिक्षण अशा सहा सेवा योजनेत अंतर्भूत होत्या.

या सहांच्या यादीत प्रथमोपचाराचे नाव नाही. किरकोळ आजारांवरील उपचार म्हणून तो आरोग्यतपासणीच्या पोटात सामावला गेला आणि अंगणवाडीला औषधांची एक पेटी देण्यात आली. कापूस, पट्ट्या, जंतुनाशक द्रावण, तापावरील औषध, खरजेवरील मलम, क्षार-संजीवनीची पाकिटे असे तिचे सर्वसाधारण स्वरूप असे. पेटी मिळाली की प्रथमोपचाराची सोय झाली, असा समज त्यामुळे रूढ झाला. वास्तविक प्रथमोपचाराचा मोठा भाग पेटीत नसतो : घशात अडकलेला पदार्थ काढणे, बेशुद्ध मुलास कुशीवर वळविणे, भाजलेला भाग वाहत्या पाण्याखाली धरणे यांसाठी औषध लागत नाही, सराव लागतो. सेविकेचा वेळ मात्र आहारवाटप, वजने आणि नोंदवह्या यांतच अधिक खर्च होत राहिला. तिला वेतनाऐवजी मानधन देण्यात येई. तिच्या कामाचे स्वरूप स्वेच्छासेवेचे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये उपदानाच्या हक्कासंबंधीच्या निकालात मान्य केले.

अल्पशिक्षित स्त्रियांना अवघड वैद्यकीय कौशल्ये शिकविता येतात, हे महाराष्ट्रातच सिद्ध झाले होते. रजनीकांत व मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेड येथे सुरू केलेल्या प्रकल्पात गावोगावच्या स्त्रियांनी आरोग्यसेविकांचे काम केले. गडचिरोली येथे अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने प्रशिक्षित केलेल्या आरोग्यदूतांनी घरीच नवजात बालकांची काळजी घेतली; १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात नवजात बालकांचे मृत्यू सु. ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसून आले. गुदमरलेल्या अर्भकाचा श्वास सुरू करणे, हा या प्रशिक्षणाचाच भाग होता.

अक्कलकुवा परिसर : अक्कलकुवा हा नंदुरबार जिल्ह्याच्या वायव्य भागातील तालुका. पूर्वी तो धुळे जिल्ह्यात होता. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. दक्षिणेस रस्त्यालगतचा सपाट प्रदेश, मध्ये मोलगी, डाब, काठी यांचा डोंगराळ टापू आणि उत्तरेस नर्मदा नदी, अशी त्याची ठेवण आहे. वस्ती प्रामुख्याने भिल्ल समाजाची असून ती गावठाणात एकवटलेली नाही. शेतालगत दूर दूर विखुरलेली घरे व पाडे हे तिचे वैशिष्ट्य. मुलांची घरची बोली प्रमाण मराठीहून भिन्न असल्याने दुखणे कोठे व कसे आहे, हे समजून घेण्यासाठी त्याच पाड्यावरील सेविका असणे उपयुक्त ठरते.

या रचनेमुळे अंगणवाडी ही अनेक पाड्यांवर शासनाची एकमेव नित्य उपस्थिती असते. आदिवासी व डोंगराळ भागात १५० ते ३०० लोकसंख्येसाठी छोट्या अंगणवाडीचा निकष पुढे लागू झाला, तोही याच कारणासाठी. भरारी पथकांतील वैद्यकीय अधिकारी, पाड्यांवरील आरोग्य स्वयंसेवक व २०१३ पासूनची बालस्वास्थ्य तपासणी पथके यांची या व्यवस्थेस जोड मिळाली. परंतु पथक वर्षातून ठराविक वेळीच येते. अपघात वेळ पाहून येत नाही. २०१४ मध्ये राज्यात ‘१०८’ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. मात्र रस्ता नसलेल्या पाड्यावरून रुग्णास बांबूला बांधलेल्या झोळीतून वाहनापर्यंत आणण्याचे प्रसंग त्यानंतरही घडत राहिले. अशा ठिकाणी रुग्णवाहिकेला दूरध्वनी करणे, ही प्रथमोपचाराची शेवटची पायरी नसून मधली पायरी असते. झोळीतून नेताना मुलाचे डोके, श्वास आणि जखमेवरील दाब कसा सांभाळावा, हे शिकविणे तेथे पाठ्यक्रमाचा भाग ठरते.

सरदार सरोवराच्या जलाशयाने या प्रदेशाची भौगोलिक स्थिती आणखी बदलली. मणिबेली, चिमलखेडी आदी नर्मदाकाठच्या गावांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या आणि काही पाड्यांपर्यंत पोहोचण्यास होडी हेच साधन उरले. नर्मदा बचाव आंदोलनाने १९९० नंतरच्या दशकात या काठावर ‘जीवनशाळा’ या निवासी शाळा सुरू केल्या. शासनाने जलमार्गे फिरते दवाखाने चालविले. २०२० मध्ये कोविड-१९ च्या साथीत अंगणवाडीत येणे बंद झालेल्या अलीघाट व दादर या पाड्यांवरील बालकांसाठी व गर्भवतींसाठी चिमलखेडी येथील अंगणवाडी सेविका रेलू वसावे यांनी होडीने सु. १८ किमी. जाऊन आहार पोहोचविला व आरोग्याची तपासणी केली. या कार्याची देशभर प्रशंसा झाली. मात्र एका सेविकेच्या धैर्यावर जी सेवा अवलंबून राहते, तिच्यात व्यवस्थेचे न्यून किती आहे, हेही या घटनेतून दिसून येते. पाण्याने वेढलेल्या पाड्यावर बुडालेल्या मुलास श्वास देण्याचे शिक्षण प्रत्येक सेविकेस व मोठ्या विद्यार्थ्यास मिळणे, ही त्या परिसराची पहिली गरज होय.

आश्रमशाळा : या भागातील मोठी मुले निवासी आश्रमशाळांत शिकतात. तळोदा येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या क्षेत्रात अक्कलकुवा तालुका येतो. आश्रमशाळेत शिक्षक व अधीक्षक हेच रात्रंदिवस पालकाच्या जागी असल्याने त्यांची जबाबदारी अंगणवाडी सेविकेहून अधिक व्यापक असते. डॉ. सुभाष साळुंखे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१६ मध्ये राज्यातील आश्रमशाळांमधील विद्यार्थ्यांच्या मृत्यूंचा अभ्यास केला. आधीच्या सु. पंधरा वर्षांत असे एक हजाराहून अधिक मृत्यू झाल्याचे आढळले आणि त्यांपैकी अनेकांचे नेमके कारण नोंदले गेले नव्हते. कारणाची नोंद नसणे, ही केवळ कागदोपत्री उणीव नव्हे. आजाराची पहिली चिन्हे कोणी पाहिली, केव्हा पाहिली आणि काय केले, याची साखळीच त्यामुळे हरवते.

मण्यार या सापाचा दंश हे याचे बोलके उदाहरण होय. मण्यार निशाचर असून जमिनीवर झोपलेल्या माणसास तिचा दंश होण्याचा संभव अधिक असतो. दंशाच्या जागी वेदना किंवा सूज जवळजवळ नसते, खूणही सहसा दिसत नाही. पहाटे मूल पोटात दुखते म्हणून उठते, उलटी करते. नंतर पापण्या जड होऊन खाली येतात, गिळणे व बोलणे अवघड होते आणि अखेर श्वसनाचे स्नायू लुळे पडतात. पोटदुखी म्हणून गोळी देऊन मुलास निजविले, तर उपचाराचा मोलाचा काळ निघून जातो. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या मुलाच्या पहाटेच्या अनाकलनीय पोटदुखीत सर्पदंशाची शंका घेणे, एवढे ज्ञान शिक्षकापाशी असल्यास जीव वाचू शकतो. खाट व अंगाखाली नीट खोचलेली मच्छरदाणी हा त्यावरील स्वस्त प्रतिबंधक उपाय आहे.

दात्रपेशी पांडुरोगाचे (सिकलसेल) प्रमाण नंदुरबार जिल्ह्यातील आदिवासी समाजात लक्षणीय आहे. या रोगाच्या मुलास ताप, थंडी, अतिश्रम किंवा पाण्याची कमतरता यांमुळे हाडे, छाती वा पोट यांत तीव्र वेदना सुरू होऊ शकतात. अशा मुलास ऊब व भरपूर पाणी देणे, दुखऱ्या भागावर बर्फ न लावणे आणि ताप किंवा धाप असल्यास विनाविलंब रुग्णालयात नेणे आवश्यक असते. १ जुलै २०२३ रोजी या रोगाच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. तपासणीचा निष्कर्ष मुलाच्या शाळेतील नोंदीत असला व तो शिक्षकास ठाऊक असला, तरच त्याचा प्रथमोपचारास उपयोग होतो.

उपचारपद्धतींतील बदल : प्रथमोपचाराच्या इतिहासात नवे शिकण्याइतकेच जुने सोडून देण्यासही महत्त्व आहे. सर्पदंशावर आवळपट्टी बांधणे, जखमेवर चीर देणे व विष चोखणे हे उपाय एकेकाळी छापील पुस्तकांतूनही सांगितले जात. ते अपायकारक असल्याने आता त्याज्य ठरले आहेत. रुग्णास धीर देणे, दंश झालेला अवयव हलू न देणे आणि प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात तत्काळ नेणे, हाच मान्य उपचार होय. विंचूदंशावर प्राझोसीन या औषधाचा उपयोग महाड येथील डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी दाखवून दिला. १९८६ मध्ये त्यांचे संशोधन आंतरराष्ट्रीय वैद्यक नियतकालिकात प्रसिद्ध झाले. हे औषध वैद्यकीय देखरेखीखाली द्यावयाचे असल्याने येथेही प्रथमोपचारकाचे मुख्य काम वेळ न दवडणे हेच असते.

जुलाबांवरील क्षार-संजीवनी हा विसाव्या शतकातील एक अत्यंत परिणामकारक प्रथमोपचार मानला जातो. १९७१ मध्ये बांगलादेशातील निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत दिलीप महालनबीस (१९३४–२०२२) यांनी तिचा मोठ्या प्रमाणावर वापर केला. २००२ पासून स्वीकारलेल्या सूत्रानुसार एका लिटर पाण्यास २·६ ग्रॅ. मीठ (सोडियम क्लोराइड), १३·५ ग्रॅ. ग्लुकोज, १·५ ग्रॅ. पोटॅशियम क्लोराइड व २·९ ग्रॅ. ट्रायसोडियम सायट्रेट हे घटक असतात. पाण्याचे माप चुकल्यास द्रावण अपायकारक किंवा निरुपयोगी होते. म्हणून पाकिटाबरोबर लिटरचे भांडे असणे, ही क्षुल्लक वाटणारी गोष्ट महत्त्वाची ठरते.

हृदय बंद पडल्यास छातीवर दाब देण्याची पद्धत १९६० मध्ये, तर घशात अडकलेला पदार्थ पोटावर दाब देऊन काढण्याची हाइमलिक पद्धत १९७४ मध्ये प्रसिद्ध झाली. एक वर्षाखालील बालकाच्या पोटावर मात्र दाब देत नाहीत. त्यास पालथे धरून पाठीवर थापट्या व नंतर छातीवर दाब देतात. आकडी आलेल्या मुलास कांदा किंवा चप्पल हुंगविणे, त्याच्या दातांत चमचा घालणे, भाजल्यावर शाई, हळद वा दंतमंजन लावणे या रूढी शहर व खेडे दोहोंत आढळतात. मेळघाटासारख्या भागात आजारी अर्भकाच्या पोटावर डागण्या देण्याचीही प्रथा आहे. या रूढींची टिंगल केल्याने त्या जात नाहीत. ज्या घरी मूल आजारी आहे, तेथे भगत आधी पोहोचतो, कारण तो जवळ असतो. सेविकाही तितकीच जवळ असते. तिच्या हातून गुण आल्याचे लोकांनी पाहिले, म्हणजे तिचा सल्ला मान्य होतो.

मूल्यमापन : शासनाच्या २०१३ च्या बालसंगोपन व शिक्षण धोरणाने आणि २०१८ च्या पाळणाघरविषयक किमान मानकांनी बालकांच्या सुरक्षिततेचा स्पष्ट विचार केला, ही प्रगती होय. बोर्डीच्या अंगणात शिक्षिकेने जे स्वेच्छेने केले, ते आता मानक म्हणून कागदावर आले आहे. अक्कलकुव्यासारख्या तालुक्यात त्याची कसोटी पेट्यांच्या संख्येने लागणार नाही. प्रत्येक पाड्यावर सराव केलेली एक तरी व्यक्ती असणे, तिचे प्रशिक्षण ठराविक काळाने पुन्हा होणे, वापरलेले साहित्य भरून मिळणे आणि प्रत्येक प्रसंगाची वेळेसह नोंद राहणे, या चार गोष्टींवर ती अवलंबून आहे. कारखान्यातील दीडशे प्रौढांमागे एक प्रशिक्षित प्रथमोपचारक असावा, हे तत्त्व देशाने १९४८ मध्येच स्वीकारले होते. डोंगरातील पाड्यावरच्या बालकांनाही तेच लागू करणे, हे या इतिहासातील अपुरे राहिलेले काम होय.